पॉनीचा सांड आणि पवनीच्या गायी

रोवणे आटोपले, बांधीत पाणी आहे, म्हणून आज धान बाजूला ठेवून जनावरांवर लिहितो. नोंद लांब आहे, सवडीनं वाचा. ज्यांच्या कोठ्यात माजावर येणारी कालवड आहे त्यांनी तर वाचाच.

१९६२ साली अमेरिकेत एक काळापांढरा गोऱ्हा जन्मला. होल्स्टीन जातीचा, आपण जिला एचएफ म्हणतो ती. त्याचं नोंदणीतलं नाव पॉनी फार्म आर्लिंडा चीफ. 'पॉनी' हे इंग्रजी अक्षरात वाचलं की आपली पवनीच वाटते. मलाही वाटलं होतं. पण तिकडं पॉनी नावाची मूळ रहिवाशांची एक जमात आहे, हे नाव तिकडलंच. आपल्या पवनीचा नि त्याचा नावापुरताही संबंध नाही. रक्ताचा मात्र असू शकतो. कसा, ते सांगतो.

आधी कांडीचा इतिहास. कृत्रिम रेतन जुनं आहे. आपल्या देशात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत पहिल्यांदा ते झालं. पण तेव्हा वीर्य ताजं वापरावं लागे. सांड जिथं, तिथून जेवढं लवकर पोचता येईल तेवढाच त्याचा मुलूख. खरा बदल झाला १९४९ मध्ये. इंग्लंडमधल्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांना कळलं, की वीर्यात ग्लिसरीन घातलं तर ते गोठवूनही जिवंत राहतं. पुढं द्रव नत्र आलं, उणे १९६ अंश. आता सांड मेला तरी त्याचं वीर्य मरत नाही. अमेरिकेतल्या सांडाचं वासरू विदर्भातल्या कोठ्यात जन्मू शकतं, तेही सांड मेल्यावर वीस वर्षांनी.

हिशोब करून पाहा. गावातला मोकळा सांड वर्षाला पन्नास-साठ गायी फळवील. वीर्यकेंद्रातल्या एका सांडापासून वर्षाला दहा हजारांच्या वर कांड्या निघतात. म्हणजे आधी दीडशे-दोनशे सांडांचं जे काम, ते एकट्यानं केलं. उरलेल्यांचं काय झालं? त्यांची गरजच संपली. कृत्रिम रेतनाची सगळी ताकद यातच आहे आणि सगळा धोकाही यातच आहे.

आता चीफकडं येऊ. त्याच्या मुली दूध बम देत. त्यामुळं त्याच्या वीर्याला मागणी आली. त्याला १६ हजार मुली झाल्या, ५ लाख नाती आणि २० लाखांवर पणत्या. त्याची मुलंही मोठे सांड झाले, त्यांच्याही कांड्या जगभर गेल्या. आजच्या होल्स्टीन जातीच्या एकूण रक्तात जवळपास १४ टक्के वाटा या एकट्या सांडाचा आहे असं शास्त्रज्ञांनी मोजलंय. शंभर गायींचा कळप पाहिला तर चौदा गायींइतकं रक्त एकाच आजोबाचं. आपल्याकडच्या संकरित गायीची सात पिढ्यांची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही, पण एचएफची कांडी भरून झालेल्या गायीत चीफचा थोडाफार अंश असण्याची शक्यता मोठीच आहे.

चीफच्या रक्तात एक खोट होती आणि ती कोणालाच दिसत नव्हती. प्रत्येक गुणाचे दोन दाणे असतात असं समजा, एक मायकडून आलेला, एक बापाकडून. चीफकडं एका जागेवर एक दाणा चांगला होता आणि एक पोचट. एक चांगला असला की जनावर धडधाकट असतं, म्हणून चीफ धडधाकट होता. पण त्याच्याच वंशातला सांड त्याच्याच वंशातल्या गायीला लागला आणि वासराला दोन्हीकडून पोचट दाणा आला, तर ते वासरू पोटातच मरतं. गाय उलटते, किंवा मध्येच गाभडते. मालक म्हणतो, डॉक्टरनं बरोबर भरलं नाही. डॉक्टर म्हणतो, तू माज ओळखला नाहीस. खरं कारण दोघांनाही माहीत नाही.

हे पन्नास वर्षं चाललं. २०११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या लोकांना त्याचा पत्ता लागला, तोही उलट्या बाजूनं. त्यांच्याकडं हजारो जनावरांच्या जनुकांच्या तपासण्या जमल्या होत्या. त्यात रक्ताचा एक तुकडा एकेरी बऱ्याच जनावरांत सापडे, पण दुहेरी एकाही जिवंत जनावरात नव्हता. ज्या जोड्या लागल्या होत्या त्या पाहता चारात एक वासरू दुहेरी निघायला पाहिजे होतं. म्हणजे ती वासरं जन्मलीच नव्हती. धानाच्या पऱ्ह्यात विरळ जागा दिसली की आपण म्हणतो, इथलं बी उगवलं नाही. तसंच हे. त्यानंतर नेमकं कोणतं जनुक बिघडलं ते शोधलं आणि माग काढत लोक चीफपर्यंत पोचले. या एका दोषापायी जगात ५ लाखांवर गर्भ मेले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं असा अंदाज निघाला.

पण त्याच अभ्यासात दुसराही आकडा आहे. चीफच्या रक्तानं वाढलेल्या दुधाची किंमत ३ हजार कोटी डॉलर धरली आहे. म्हणजे गवळ्यांना तोट्यापेक्षा नफा कितीतरी पट झाला. म्हणून "विलायती सांडानं सत्यानाश केला" असं कोणी सरळसोट म्हणत असेल तर मला ते पटत नाही. पोट्ट्यांच्या शाळेची फी दुधानं भरलेली घरं आपल्या तालुक्यातही आहेत. चीफ वाईट सांड नव्हता. एकाच सांडावर एवढा भार टाकला, तिथं गडबड झाली. प्रत्येक सांडात असे दोन-चार पोचट दाणे लपलेले असतातच, माणसातही असतात. शंभर सांड असले तर ते विखुरलेले राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. एकच सांड सगळीकडं गेला की ते भेटायला लागतात.

चीफ एकटाच नव्हता. १९५२ साली जन्मलेल्या ऑसबोर्नडेल आयव्हन्हो नावाच्या सांडामुळं वासरांची रोगाशी लढायची ताकदच जाते असा दुसरा दोष जगभर पसरला. त्याला ब्लॅड म्हणतात. आपल्याकडं वीर्यकेंद्रात एचएफ सांड घेण्याआधी ही तपासणी करायचीच असा नियम आहे. हा नियम चांगला आहे. पण तपासणी माहीत असलेल्या दोषाचीच होते. जो अजून सापडला नाही तो कांडीबरोबर येतोच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विद्यापीठानं आणखी एक गोष्ट शोधली. बापाकडून मुलाकडं जाणारी सरळ रेघ धरून ते मागं गेले. आजचे जवळपास सगळे अमेरिकी होल्स्टीन सांड फक्त दोन सांडांपाशी जाऊन थांबले, एक चीफ आणि दुसरा त्याच काळातला एलेव्हेशन. बाकीच्या बापवंशाच्या रेघा पुसल्या गेल्या. तिकडं होल्स्टीन गायी ९० लाखांच्या आसपास. पण रक्ताचं वेगळेपण मोजलं तर शंभराच्या आतल्या जनावरांइतकंच. लाखो गायी डोळ्यांना दिसतात आणि आत पाहिलं तर एक वाडी.

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स इथं सरकारी साठ्यात १९५० च्या दशकातलं जुनं वीर्य गोठवून ठेवलेलं होतं. त्यात पुसल्या गेलेल्या बापवंशाच्या कांड्या सापडल्या. त्या भरून नवीन गोऱ्हे जन्माला घातले. म्हणजे ज्या गोठवण्यानं रेघा पुसल्या, त्याच गोठवण्यानं दोन रेघा परत आणल्या. अवजार तेच. हात कोणाचा आणि कशासाठी, त्यावर सगळं आहे.

आता आपल्या मुलखाकडं. म्हाताऱ्यांना विचारा, गावाच्या आखरावर सकाळी जनावरं जमायची, गायकी ती घेऊन झुडपी जंगलात जायचा. कळपात एक-दोन सांड असायचे, कोणाचा तरी देवाच्या नावानं सोडलेला. गाय कधी फळली, कोणापासून फळली, याची वही नव्हती. या पद्धतीचं मी कौतुक करत बसणार नाही. सांड आपल्याच मुलींना लागायचा. गर्भाचे रोग एका गायीतून दुसरीत जायचे. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे चांगला दिसणारा गोऱ्हा आपण आधी बडवून नांगराला जुंपायचो, उरलेला मरतुकडा मोकळा राहायचा आणि तोच बाप व्हायचा. वर्षानुवर्षं आपणच उलटी निवड केली.

तरी एक गोष्ट आपोआप होत होती. या गावचा सांड वेगळा, त्या गावचा वेगळा. वैनगंगेच्या या काठावरचा वेगळा, त्या काठावरचा वेगळा. रक्त कधी एकाच बापापाशी गोळा झालं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं दूध वाढवायचं ठरवलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत निवडक गावांत सुधारित सांड आणि कृत्रिम रेतन आलं, १९६४-६५ पासून मोठे पशुविकास प्रकल्प सुरू झाले. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला बायफ उभी केली आणि कांडी शेतकऱ्याच्या दारात नेली. गाय दवाखान्यात न्यायची गरज उरली नाही. पश्चिम महाराष्ट्रात यानं दुधाचं चित्र पालटलं. आपल्याकडं ते उशिरा आणि अर्धवट आलं. धानपट्ट्यात हिरवा चारा कमी, तणसावर जनावरं जगतात, संकरित गाय उन्हाळ्यात धापा टाकते. तरी कांडी आली. कोणाची गाय, कोणत्या जातीची, याचा विचार न करता जे मिळेल ते भरलं गेलं.

जोडीला ट्रॅक्टर आला. बांधीत चिखलणी करायला बैलजोडी लागेनाशी झाली. बैल नको म्हणून गोऱ्हा नको, गोऱ्हा नको म्हणून गावठी गायही नको. २०१५ पासून राज्यात बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळं नको झालेला गोऱ्हा विकतही नाही आणि पोसवतही नाही. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणना ताडून पाहा. देशात गोवंशातले नर जवळपास ३० टक्क्यांनी घटले. देशी गुरं ६ टक्क्यांनी घटली आणि संकरित वाढून पाच कोटींच्या वर गेली. नर कमी झाले याचा अर्थ फक्त नांगर गेला असा नाही. पुढचे बाप गेले.

आणि याच वेळी, म्हणजे २०२३ च्या जानेवारीत, आपल्या झाडीच्या गाईला कागदावर नाव मिळालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं नवीन जाती नोंदवल्या, त्यात 'कठाणी' आहे. कठाणी नदी गडचिरोलीजवळून वाहते नि आपल्याच वैनगंगेला मिळते. याच यादीत पूर्णाकाठची पूर्णाथडी म्हैसही आहे. ही आपली मध्यम बांध्याची, बहुतेक पांढुरकी, थोड्या चाऱ्यावर जगणारी, चिखलात पाय न अडकणारी गाय. आजवर तिला सरकारी कागदात जात नव्हती. 'गावठी', 'अवर्णित', असं लिहायचे. आणि अवर्णित गायीला कोणतीही कांडी भरायला मोकळीक असते, कारण बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही असं धरलेलं असतं. नाव नव्हतं म्हणून ती कितीक वर्षं कोणाच्या हिशोबातच नव्हती.

शेजारच्या वर्ध्याच्या गवळाऊचं नाव आधीपासून होतं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी केंद्रही आहे. तरी आर्वीकडं फिरलात तर शुद्ध गवळाऊ पाहायला हिंडावं लागतं. शंकरपटाचा नाद असलेल्यांनी काही चांगल्या जोड्या सांभाळल्या, हे मान्य करायला पाहिजे. २०१४ मध्ये पटावर बंदी आली तेव्हा ती हौसही थंड पडली होती, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली. पण खच्ची केलेला बैल बाप होत नाही. पळणारा बैल टिकला म्हणून त्याचा वंश टिकत नाही.

आता एक गोष्ट लिहितो, काही मित्रांना आवडणार नाही. गेल्या काही वर्षांत देशी गायीचं वारं आलं. चांगलं झालं. पण देशी म्हणजे काय, तर गीर नाहीतर साहिवाल. आपल्या कठाणीला गीरची कांडी भरायची आणि देशी वासरू झालं म्हणून पेढे वाटायचे. गीर सौराष्ट्राची, साहिवाल पंजाबकडची. दोन्ही उत्तम गायी. पण कठाणीचं कठाणीपण जाण्याच्या हिशोबात एचएफची कांडी आणि गीरची कांडी यात काडीचा फरक नाही. दोन-तीन पिढ्यांत ती पुसली जाते, आणि या वेळी तर आपण ती अभिमानानं पुसतो.

केरळात वेचूर नावाची अगदी ठेंगणी गाय होती. तिथं १९६१ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सांड ठेवायला बंदी आली, गावठी सांड खच्ची झाले, संकर वाढला. १९८९ मध्ये सोसम्मा आयप या प्राध्यापक बाई विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव हिंडल्या तेव्हा मोजकीच जनावरं हाती लागली. तेवढ्यांवरून त्यांनी जात परत उभी केली. ती आजही आहे. पण मोजक्या जनावरांवरून उभी केलेली जात म्हणजे पुन्हा अरुंद रक्त. जे वाचलं ते वाचलं, जे वेगळेपण आधीच मेलं ते परत येत नाही. कठाणीची अजून ती वेळ आलेली नाही. आपल्याकडं जनावरं आहेत. सांड कमी आहेत.

आणि नेमकं इथं नवं तंत्र येतंय. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच विदर्भात, वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला, पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, देशात तयार केलेलं लिंगनिर्धारित वीर्याचं तंत्र. त्या कांडीनं दहात नऊ वेळा कालवडच होते. दुसरी, गायीसाठी 'गौ चिप' आणि म्हशीसाठी 'महिष चिप'. यातून वासरू लहान असतानाच त्याचं रक्त तपासून पुढं काय निघेल याचा अंदाज घेता येतो.

दुधाची संकरित गाय असेल तर कालवडीची कांडी जरूर भरा. नको असलेला गोऱ्हा रस्त्यावर सोडण्यापेक्षा तो न झालेला बरा. पण कठाणी किंवा गवळाऊला ही कांडी भरताना थांबून विचार करा. जिथं सांडच कमी आहेत तिथं कालवडी वाढवून काय होणार? त्या कालवडींना पुढं भरायचं कोणाचं?

चिपचंही तसंच. अमेरिकेत २००९ पासून सांड असे रक्त पाहून निवडतात. मुलींचं दूध मोजायला सात-सात वर्षं थांबावं लागे, आता सांड दोन-अडीच वर्षांचा असतानाच बाप होतो. दूध झपाट्यानं वाढलं, आणि नात्यातलं रक्त एकत्र येण्याचा वेगही वाढला. कारण यंत्र सगळ्यांना तोच एक नंबरचा सांड दाखवतं आणि सगळे तोच घेतात. पण हीच चिप दुसऱ्या कामालाही लावता येते. कोणती दोन जनावरं रक्तानं जवळची आहेत ते ती सांगते. कठाणीच्या दहा सांडांतले कोणते पाच एकमेकांपासून सगळ्यात लांबचे, हे डोळ्यांनी कोणाला कळणार नाही, तिला कळेल. त्या कामाला तिचा उपयोग व्हावा म्हणून जोर लावणं आपल्या भागातल्या पशुवैद्यकांच्या नि कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांच्या हाती आहे. त्यातले काहीजण ही नोंद वाचतात, म्हणून लिहिलं.

घरच्या पातळीवर करण्यासारखं थोडंच आहे, पण फुकटचं आहे. कांडीवर सांडाचा नंबर छापलेला असतो. भरून झाल्यावर रिकामी कांडी फेकून न देता नंबर वहीत उतरवा, गायीच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या नंबरासमोर. त्या गायीची कालवड तीन वर्षांनी माजावर येईल तेव्हा वही काढा. तोच नंबर पुन्हा भरू देऊ नका, दुसरा मागा. डॉक्टर कुरकुर करेल, करू द्या. गाय उलटली की लगेच रक्ताला दोष देऊ नका, बहुतेक वेळा कारण क्षारांची कमतरता किंवा माज चुकणं हेच असतं. पण वही असली की तेवढी एक शंका तरी मिटते.

आणि पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात कोणाच्या कोठ्यात चांगल्या चणीचा, न बडवलेला कठाणी गोऱ्हा असेल, तर पोळ्याच्या आत इथं खाली लिहा. गाव, वय आणि आडवा उभा असलेला फोटो टाका, मायचाही टाकला तर उत्तम. कोणाला विकत पाहिजे म्हणून नाही. किती आहेत, कुठं आहेत, आणि कोणत्या गावातल्या कोणत्या गायीला कोणता लागू शकतो, एवढी यादी तरी आपली आपण करून ठेवू.